भिंत काळी, मग सोनं कुठाय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोन्याच्या भावावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप थांबायलाच तयार नाहीत. गंमत म्हणजे भाव कमी कधी होणार हे विचारणारे थोडेच, बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच, सोनं जमिनीत येतं कुठून आणि आपल्याकडे का येत नाही. बरोबरच आहे म्हणा, जळगावला सुवर्णनगरी म्हणायचं, लांबलांबून लोक लग्नाचे दागिने घ्यायला इथे येतात आणि आपल्या जमिनीतून मात्र गुंजभर पण निघत नाही, हे खुपणारच. म्हणून या वेळचं पान सगळं सोन्याला दिलं. बोंडअळीवाले प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : आमच्या गावामागून एक काळ्या दगडाची भिंत जाते, सरळ रेषेत, कोणी बांधल्यासारखी. एका व्हिडिओत बघितलं की लाव्हा खडकात घुसतो तिथे सोनं तयार होतं. मग या भिंतीत सोनं असेल का? आमच्याकडे एक मशीनवाला आला होता, त्याने दोन हजार घेतले आणि खाली 'मेटल आहे' म्हणून सांगून गेला.
— एक शेतकरी, शिंदखेडा तालुका

भाऊ, तुमच्या गावची भिंत मी पाहिलेली नाही पण तिच्या बहिणी पुष्कळ पाहिल्यात. दोंडाईचा, साक्री, नंदुरबारकडे गाडीने जाताना आजूबाजूला नजर टाकली की दिसतातच. शाळेच्या पुस्तकात त्यांना भित्ती म्हणतात, कॉलेजात गेलं की डाइक. नंदुरबार-धुळे पट्ट्यात एक किलोमीटरहून लांब अशा २१० भिंती अभ्यासकांनी मोजल्यात, सगळ्यात लांब आहे ती ७९ किलोमीटर, जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत, आणि जवळपास सगळ्या ताठ उभ्या, पूर्व-पश्चिम. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत होता, त्या थरांना तडे गेले, खालून वितळलेला खडक तड्यात शिरला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा मऊ, कुजका दगड पावसापाण्याने झिजून गेला, हा टणक होता म्हणून उभा राहिला. बांधली कोणीच नाही.

आता सोनं. व्हिडिओवाल्याने अर्धं खरं सांगितलंय, आणि अर्ध्या खऱ्यातच माणूस जास्त फसतो. जगातल्या बऱ्याच मोठ्या सोन्याच्या खाणी अशा घुसलेल्या खडकाच्या अंगाखांद्यावर आहेत हे खरं. पण तो वितळलेला खडक सोनं घेऊन आला आणि ओतून गेला असं होत नाही. साध्या कुठल्याही दगडात सोनं असतंच, टनाला एक ते चार मिलीग्रॅम, तुमच्या भिंतीतही तेवढंच निघेल, म्हणजे बैलगाडीभर दगड फोडून डोळ्याला दिसणारही नाही एवढं. खाण परवडायची तर टनाला निदान ग्रॅमभर तरी पाहिजे. म्हणजे कोणीतरी ते विखुरलेलं सोनं हजारपट गोळा करून एका जागी आणून ठेवायला पाहिजे.

सराफ बाजारातले झारेकरी बघितलेत ना? पहाटे दुकानांसमोरची धूळ झाडून घेतात, गटारीतला गाळ उपसतात, पाटीत पाण्यात फिरवत बसतात आणि शेवटी तळाला चिमूटभर पिवळं उरतं. जमिनीखाली हे काम गरम पाणी करतं. भूगर्भवाले त्याला हायड्रोथर्मल म्हणतात, नाव मोठं आहे पण अर्थ तोच, ऊनऊन पाणी. फक्त आपल्या बंबातलं नाही, दोनशे-तीनशे अंशांपासून पाचशे-सहाशेपर्यंत, वरच्या खडकाच्या वजनाखाली दाबलेलं, त्यात गंधक आणि मीठ विरघळलेलं. साध्या पाण्यात सोनं विरघळत नाही, नाहीतर धुणं-भांडी करताना बायकांच्या बांगड्या झिजून गेल्या असत्या. पण पाण्यात गंधक असलं की सोनं त्याचा हात धरतं आणि निघतं, आणि पाणी फार गरम, खारट, आंबट असलं तर क्लोरीनचा हात धरून निघतं.

मग हे पाणी येतं कुठून? इथेच तुमच्या भिंतीची गोची आहे. ज्या खडकाभोवती सोनं जमतं त्याचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, ओला असतो, शंभर किलोत चार-सहा किलो पाणी विरघळलेलं. समुद्राचा तळ जिथे जमिनीखाली सरकतो, म्हणजे इंडोनेशिया, पेरू, चिली, जपान वगैरे, तिथे सरकताना तो तळ स्वतःबरोबर पाणी खाली नेतो आणि त्यातून असा ओला मॅग्मा तयार होतो. तो जमिनीखाली दोन-पाच किलोमीटरवर येऊन मोठ्या ढेकळासारखा बसतो आणि हळूहळू थिजायला लागतो. थिजताना स्फटिक बनतात, स्फटिकात पाण्याला जागा नाही, मग उरलेल्या रसात पाणी वाढत जातं, वाढत जातं आणि एक वेळ अशी येते की ते वरचा खडक तडकवून बाहेर निघतं, जाताना गंधक, क्लोरीन, तांबं, सोनं सगळं उचलून. अमेरिकेतलं बिंगहॅम कॅनियन, इंडोनेशियातलं ग्रासबर्ग या खाणी अशाच, त्यांना पोर्फिरी प्रकार म्हणतात, तांबं आणि सोनं एकत्र.

आपला दख्खनचा मॅग्मा कोरडा. शंभर किलोत किलोभर पाणी पण मुश्किलीने. शिवाय भिंत म्हणजे पातळ चीज, दहा मीटर जाडीची भिंत वर्ष-दोन वर्षांत गोठून मोकळी होते, साठ मीटरची धरली तरी काही दशकं, आणि सोनं साठवायला गरम पाणी हजारो वर्षं, कुठे कुठे लाखभर वर्षं त्याच तड्यांतून फिरत राहायला लागतं. चूल पेटायच्या आत विझली तर भात कसा शिजणार.

मशीनवाल्याचं म्हणाल तर बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या लाव्हाच्या दगडात, लोखंड भरपूर असतं, शेकड्याला दहाच्या आसपास, त्यामुळे 'मेटल आहे' हे अख्ख्या खान्देशात कुठेही उभं राहून सांगता येतं, दोन हजार न घेता. भिंतीचा उपयोग विचारत असाल तर विहीर घेताना तिच्याकडे जरूर बघा, कारण भिंत कधी जमिनीतलं पाणी अडवते आणि कधी तडकलेली असली तर वाहून नेते, त्यामुळे एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी असं होतं. आधी जिल्ह्याच्या भूजलवाल्यांना दाखवा आणि मग खोदा.

प्रश्न : हायड्रोथर्मल अल्टरेशन म्हणजे नक्की काय? पुस्तकात पोटॅसिक, फिलिक, प्रोपिलिटिक अशी नावं पाठ करायला लावतात पण डोक्यात काही शिरत नाही. आणि त्यावरून सोनं कसं सापडतं?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, शिरपूर

ताई, नावं बाजूला ठेव. घराच्या भिंतीत आत पाइप गळत असेल तर तुला पाइप दिसतो का? नाही. पण भिंतीला ओल दिसते, मग पोपडे येतात, पांढरं मीठ फुलतं, लांबवर रंग नुसता थोडा बदललेला असतो. प्लंबर आला की जिथे जास्त खराब झालंय तिथेच फोडतो ना. अल्टरेशन म्हणजे खडकाला आलेली ही ओल. गरम पाणी तड्यातून जाताना खडकाशी देवाणघेवाण करतं, जुनी खनिजं मोडतं, नवी बनवतं, आणि कुठली नवी खनिजं बनली यावरून पाणी किती गरम होतं, आंबट होतं की नव्हतं, आणि उगम किती जवळ होता हे कळतं.

पोर्फिरी प्रकारात साधारण असं दिसतं. मधोमध, घुसलेल्या खडकाजवळ, सगळ्यात गरम भागात पोटॅशियमवाली खनिजं, गुलाबीसर फेल्डस्पार आणि काळा-तपकिरी अभ्रक, हा तुझा पोटॅसिक. त्याच्या बाहेर किंवा त्याच्यावर चढलेला पांढुरका, रेशमी चमकीचा पट्टा, बारीक अभ्रक म्हणजे सेरिसाइट, गारगोटी आणि पायराइट म्हणजे लोखंड-गंधकाचं पिवळं चमकदार खनिज, तो फिलिक. कुठे कुठे खडकाची चक्क माती झालेली, नख मारलं तर लागतं, हा अर्जिलिक. आणि सगळ्यात बाहेर, कधी कधी किलोमीटर-दोन किलोमीटर लांब, खडक नुसता हिरवट झालेला, क्लोराइट, एपिडोट, कॅल्साइट, तो प्रोपिलिटिक. १९७० साली लॉवेल आणि गिलबर्ट या दोन भूगर्भवाल्यांनी ॲरिझोनातल्या सॅन मॅन्युअल-कॅलामाझूच्या खाणीवरून ही कांद्याच्या पापुद्र्यांसारखी मांडणी नीट काढून दाखवली. त्यातली मजा अशी की खाणीचा एक मोठा तुकडा फॉल्टने, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगेने, सरकून बाजूला गाडला गेला होता, तो या पापुद्र्यांच्या हिशोबानेच ड्रिल मारून शोधला. म्हणजे परीक्षेत दोन मार्कांचा जो तक्ता लिहितेस तो कोणीतरी खिशातले पैसे लावून खरा करून दाखवलाय.

पण प्रत्यक्ष शेतात पट्टे इतके स्वच्छ दिसत नाहीत हे लक्षात ठेव. नंतरचं पाणी आधीच्या पट्ट्यावर चढतं, पाऊस सगळं गंजवून लाल करतं, आणि पुस्तकातलं चित्र आणि टेकडी यांचा मेळ बसवता बसवता नवीन पोरं रडकुंडीला येतात.

सोनं नेमकं कुठे सांडतं? पाण्याने सोनं सोडलं पाहिजे तरच. सोड्याची बाटली फोडली की कशी फसफसते, तसंच वर येताना दाब कमी झाला की हे पाणी उकळतं, गंधकाचा वायू उडून जातो आणि ज्याचा हात धरला होता तोच गेला म्हटल्यावर सोनं तिथेच बसतं. न्यूझीलंडच्या ओहाकी भागात वीज बनवायला गरम पाण्याच्या बोअर घेतल्या तेव्हा हे डोळ्यासमोर घडलं, नळीत जिथे दाब एकदम पडतो तिथल्या लोखंडी चकतीवर सोनं-चांदीची खपली जमलेली सापडली. खाण तयार व्हायची प्रक्रिया प्लंबिंगच्या पाइपात बघायला मिळाली म्हण ना! दुसरा रस्ता म्हणजे खडकात लोखंड जास्त असलं की ते पाण्यातला गंधक ओढून घेतं, त्याचं पायराइट होतं आणि सोनं बिचारं एकटं पडतं. थंड पाण्यात मिसळलं तरी सुटतं.

आणि अल्टरेशन बघायला तुला परदेशात जायची गरज नाही. सावद्याच्या बाजूला खदानी आहेत तिथे बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, काचेसारखे स्फटिक निघतात, ॲपोफिलाइट, स्टिलबाइट. 'जळगाव' असं लेबल लावून ते जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात बसलेत आणि आपली माणसं त्यांना नुसती गार म्हणून बाजूला टाकतात. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये एकदा जाऊन ये. हे झिओलाइट गटातले आणि त्यांच्यासोबतचे स्फटिक म्हणजे पण गरम पाण्याचंच काम, फक्त ते पाणी कोमट धरायचं, दोनशे अंशांच्या आतबाहेर, गंधक जवळपास नाही. म्हणजे आपल्या खडकाला ओल आली पण ती साध्या पाण्याची, सोनं वाहणारी नाही. आपल्याकडे सोनं का नाही याचं उत्तर मला विचारशील तर या स्फटिकांतच आहे, भिंतीत नाही.

प्रश्न : भाऊ, आमना उनपदेवना पानीमा सोनं शे का? जमीनमा ज्वालामुखी शे म्हनून पानी ऊन येस असं गावमा म्हनतस.
— चोपडा तालुक्यातून

भाऊ, सोनं नही शे. आणि ज्वालामुखी पण नाही. हा गैरसमज खूप पसरलाय, काळा दगड दिसला की लोक ज्वालामुखी म्हणतात आणि तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी होता हे विसरतात, एवढ्या वर्षांत सगळं कधीच निवलं. अडावदजवळचं उनपदेव घ्या की शहाद्याकडचं, पावसाचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या तड्यांतून खोल जातं, खाली दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश गरमी वाढते, तिथे तापून दुसऱ्या तड्याने वर येतं. तापलेला मॅग्मा लागत नाही त्याला. अंघोळ करा, खरूज-नायट्याला बरं वाटतं म्हणतात त्यावर मी बोलत नाही.

पण प्रश्न वेडा नाही हां. न्यूझीलंडला वाइओटापू इथे शँपेन पूल नावाचं गरम पाण्याचं, बुडबुड्यांचं तळं आहे, त्याच्या काठाला भगवा थर जमतो, तो आर्सेनिक-अँटिमनीचा असतो आणि त्यात सोनं सापडतं. पापुआ न्यू गिनीच्या लिहिर बेटावर तर खाण जुन्या, झोपलेल्या ज्वालामुखीच्या पोटातच आहे, खाली गरम पाणी अजून फिरतंय. तिथल्या खोल बोअरचं पाणी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तपासून सांगितलं की एक टन पाण्यात जेमतेम १५ मिलीग्रॅम सोनं आहे, पण पाणी एवढं वाहतं की वर्षाला २४ किलो सोनं वर येतं, या हिशोबाने तिथला सगळा साठा ५५ हजार वर्षांत भरला असता. भूगर्भाच्या घड्याळात ५५ हजार म्हणजे काल परवाच.

प्रश्न : विहीर खोदताना दगडात पिवळे चमकणारे चौकोनी दाणे निघाले. सोनाराला दाखवायला लाज वाटते. घरच्या घरी कसं ओळखायचं?
— गृहिणी, पारोळा

लाजायचं काय त्यात, माझ्याकडे रुमालात बांधून, दार लावून, आवाज खाली करून दगड दाखवणारे वर्षाला दहा-पंधरा येतात. एका काकांनी तर दगड सोडताना आधी बायकोला स्वयंपाकघरात जायला सांगितलं. त्यांचं पण चौकोनीच होतं.

वहिनी, चौकोनी म्हणजे बहुतेक पायराइट, लोखंड आणि गंधक. सोनं असे टोकदार, काटकोनी ठोकळे सहसा करत नाही. एक दाणा काढून फरशीवर ठेवून हातोडीने मारा, सोनं चपटं होईल, पायराइटचा भुगा होईल आणि काडेपेटीसारखा वास येईल. नाहीतर चहाच्या कपाच्या बुडाला जो खरखरीत, न चकाकणारा भाग असतो त्यावर घासा, सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची काळी-हिरवट. सोनार कसोटीवर दागिना घासतो ते दुसरं काय असतं? भूगर्भवाल्यांची स्ट्रीक टेस्ट म्हणजे आपल्या सराफाची कसोटीच, फक्त सराफाचा दगड काळा आणि कॉलेजातली फरशी पांढरी.

आता उलटी बाजू पण सांगतो. पायराइटला लोक मूर्खांचं सोनं म्हणून हसतात, पण अमेरिकेत नेवाडाच्या कार्लिनमध्ये १९६१ साली जो साठा सापडला त्यात सोनं पायराइटच्या आतच दडलेलं होतं, इतकं बारीक की साध्या भिंगातून पण दिसेना, धुवून हाताला एक कण लागेना. त्यामुळे आधीचे सोनं धुणारे लोक त्याच डोंगरांतून चालून गेले आणि त्यांना पत्ता लागला नाही. पण म्हणून तुमच्या विहिरीचा दगड लॅबला पाठवू नका, कार्लिनला मैलोनमैल चुनखडी गरम पाण्याने खाऊन टाकलेली आहे, आपल्या पारोळ्याला चार दाणे बेसाल्टच्या पोकळीत बसलेत. पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टला मात्र झकास.

प्रश्न : कोलारचं सोनं पण काळ्या लाव्हाच्याच खडकात होतं असं वाचलं. मग तिकडे आहे तर इकडे का नाही?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, प्रश्न पकडून विचारलात. कोलारचा खडक मुळात बेसाल्टच, पण साधारण २७० कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या खडकाच्या चाळीसपट जुना. तो नंतर खोल गाडला गेला, दाबला गेला, भाजला गेला, पिळला गेला. खडक असा भाजतो तेव्हा त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी घामासारखं निघतं, आणि हेच पाणी गंधक आणि सोनं घेऊन मोठ्या भेगांतून वर सरकत गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं ठेवून गेलं. म्हणजे तिथे घुसलेल्या मॅग्मापेक्षा खडकाची पिळवणूक महत्त्वाची. आजूबाजूला ग्रॅनाईट आहेत, त्यांचा वाटा किती यावर अभ्यासकांची भांडणं चालूच असतात, मी त्यात पडत नाही. त्या शिरांच्या मागे लागून माणसं ३.२ किलोमीटर खोल गेली, शेवटी परवडेना म्हणून २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. आज कर्नाटकातच रायचूरकडे हट्टीची खाण चालू आहे, तो पण तसलाच जुना पट्टा. आपला दख्खनचा बेसाल्ट अजून भाजलाच गेलेला नाही, जसा सांडला तसा आडवा पडलाय. महाराष्ट्रात सोन्याचे अंश मिळालेत ते विदर्भात, नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत. खान्देशात तसले खडक असलेच तर लाव्हाच्या थरांखाली गाडलेले.

प्रश्न : तापीची वाळू उन्हात सोन्यासारखी चमकते, ते सोनं का?
— सातवीतला विद्यार्थी, भुसावळ

नाही रे बाळा, अभ्रक. ग्लासभर पाण्यात मूठभर वाळू टाकून चमच्याने ढवळ, चमचमणारे कण वरवर गिरक्या घेत राहिले तर ते अभ्रकाचे पापुद्रे. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, ते सगळ्यात आधी तळाला जाऊन बसतं. मम्मीचा चांगला ग्लास घेऊ नको, वाळूने ओरखडे पडतात.